जीपचे पांढरे दिवे

आमच्या घरात जीपला माझ्याहून जास्त मान होता. आठ वर्षं मुंबईत कुरिअरच्या ऑफिसात काढून मी परत आलो तेव्हा घरात कोणी विशेष हललं नाही. पण जीपचा क्लच बसला की आई लगेच देवाला नारळ बोलायची. बाबांनी ती जीप पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावापासून महाडपर्यंत वीसेक वर्षं चालवली. एसटी आमच्याकडे येते, पण दुपारी, आणि पावसाळ्यात तिचा काही नेम नसतो. त्यामुळे ज्याला सकाळी महाड गाठायचं त्याला बाबांची पाचची फेरी हाच आधार. दुधाच्या किटल्या, फणस, कोर्टाची तारीख असलेला माणूस, पोटुशी बाई, सगळं त्या एकाच जीपमध्ये.

दिवे मात्र तिचे बघवत नसत. दोन्ही गोल, जुन्या पद्धतीचे, जाड काचेचे. डावा एका भंगारात निघालेल्या ट्रकचा. दोन्हींत पिवळे बल्ब, आणि उजव्याच्या काचेवर बाबांनी वरून पिवळा रंग फासलेला, तोही निम्मा उडालेला. म्हणजे एक डोळा झेंडूसारखा आणि दुसरा हळदीच्या पाण्यासारखा. समोर म्हैस बसली आहे की दरड आली आहे हे अगदी जवळ गेल्यावरच कळायचं. बाबा म्हणायचे, धुक्यात पिवळाच उजेड बरा. मला वाटायचं, परवडत नाही त्याला तत्त्व म्हणायची ही आपल्या लोकांची जुनी खोड.

बाबा गाडी कशी चालवायचे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ते प्रत्येक थांब्याला थांबायचे. माणूस दिसो न दिसो, गाडी उभी करायची, दिवे मंद करायचे, खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारायची, “कोन हाय का रे?” आणि मग विडी पेटवायला लागेल तेवढा वेळ वाट बघायची. आमच्या रस्त्यावर असे सहा थांबे. त्यांतला एक किंजळीचा. रस्त्याच्या कडेला किंजळीचं जुनं झाड आहे, आणि तिथून एक पायवाट वर डोंगराच्या पोटातल्या वस्तीकडे जाते. त्या वस्तीला आम्ही वरचा कोंड म्हणतो. पंधरावीस घरं, फोनला रेंज नाही, आणि पावसात खालच्या ओढ्याचा आवाज एवढा की गाडीचा हॉर्नसुद्धा वर पोचत नाही. मला हे सगळं माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं, आणि तरीही त्याचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कधी मनात आलं नाही.

बाबांचे गुडघे धरले आणि सकाळची फेरी माझ्याकडे आली. पहिल्याच आठवड्यात त्या दिव्यांनी माझं डोकं उठवलं. रात्री जेवल्यावर मी मोबाइलवर दिव्यांचेच व्हिडिओ बघत बसायचो. कुठे पंजाबातला कोणी माणूस जुन्या जीपला नवे दिवे लावून शेतात उजेड पाडून दाखवायचा, आणि इथे मी अंथरुणात पडून खूश व्हायचो. बल्ब किती प्रकारचे, कोणता किती तापतो, कोणाला पंखा असतो, कोणाचा उजेड दुधासारखा आणि कोणाचा निळसर, हे सगळं मला तोंडपाठ झालं. आई म्हणायची, एवढा अभ्यास शाळेत केला असतास तर साहेब झाला असतास.

महाडला बाजाराच्या मागे एक गाड्यांचं वायरिंग करणारा म्हातारा बसतो. त्याच्याकडे गेलो. त्याने माझं सगळं व्याख्यान ऐकून घेतलं, मग मीटर काढला आणि आधी बॅटरीला, नंतर दिव्याच्या मागे लावून दाखवला. बॅटरीत बारा व्होल्ट होते, दिव्यापर्यंत दहासुद्धा पोचत नव्हते. तुझा दिवा आंधळा नाही, उपाशी आहे, असं तो म्हणाला. त्याचं म्हणणं असं की जुनी वायर काढून जाड वायर घालावी, रिले बसवावा म्हणजे बॅटरीतून थेट दिव्याला करंट मिळेल, गंजलेली अर्थिंगची जोडणी घासून काढावी, आतले काळे पडलेले रिफ्लेक्टर बदलावेत, आणि मग साधे, चांगल्या कंपनीचे पिवळे बल्ब घालावेत. घाटातल्या धुक्यात पांढरा उजेड भिंतीवर आपटल्यासारखा परत आपल्याच डोळ्यांत येतो. आणि जुन्या काचेत नुसता एलईडी बल्ब कोंबलास, तर उजेड रस्ता सोडून झाडांवर नि समोरच्याच्या तोंडावर जाईल. पांढरंच हवं असेल तर अख्खा दिवाच बदल, पण तसं कर असं मी सांगणार नाही, असं म्हणून त्याने मीटर गुंडाळून ठेवला.

आता इतकं नीट सांगितल्यावर कोणी शहाण्याने ऐकलं असतं. मी अख्खा दिवा बदलला. काळ्या रंगाचे, मधोमध भिंग आणि भोवती चकाकती कडी असलेले दोन दिवे मी मागवले आणि त्याच म्हाताऱ्याकडून बसवून घेतले. वायरिंग त्याने मन लावून केलं, दिव्यांकडे मात्र फार बघितलं नाही. भिंतीसमोर गाडी उभी करून त्याने उजेडाची रेघ खाली घेतली, म्हणजे समोरच्याला त्रास नको, आणि हात पुसले.

घरी आणून अंगणात लावून दाखवले तेव्हा शेजारच्या गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली. बाबा काठी टेकत गाडीभोवती फिरले. “उजेड हाय चांगला,” म्हणाले, आणि आत गेले. त्यांनी कौतुकाने गाडीच्या बॉनेटवर थाप मारावी अशी माझी इच्छा होती. ती त्यांनी मारली नाही आणि मी ते मनाला लावून घेतलं. म्हाताऱ्या माणसांना नवं काही सोसत नाही, असं मी आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो.

पुढचे पाच दिवस मी राजाच्या थाटात गाडी चालवली. उतारावर रस्त्यातला खड्डा न् खड्डा दिसत होता, पलीकडच्या बांधावरचा बेडूक दिसत होता. बाबांना खाली पोलादपूरला यायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या दहा मिनिटं आधी मी पोचायचो. थांब्यांवर थांबायची गरजच उरली नव्हती. लांबूनच सगळं स्वच्छ दिसायचं, माणूस असला तर थांबायचो, नसला तर पुढे. त्या पाच दिवसांत वरच्या कोंडावरचं एकही माणूस सकाळच्या फेरीला आलं नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी त्यावर विचार केला तो एवढाच, की कोणी तरी सहा आसनी रिक्षा घेतलेली दिसते.

वरच्या कोंडावर एक मुलगी होती. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती बाबांच्या गाडीने पोलादपूरच्या कॉलेजात गेली. पुढच्या सीटवर बसून हृदयाचे कप्पे आणि रक्ताचे गट मोठ्याने पाठ करायची, आणि बाबा गिअर बदलताना मधेच एखादी चूक काढल्यासारखं करायचे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिचा बाप मुंबईत वॉचमन, घरी आई आणि अंथरुणाला खिळलेली आजी. तिला नर्स व्हायचं होतं. बारावी झाली, तिने फॉर्म भरले, आणि सरकारी कॉलेजातल्या उरलेल्या जागांसाठी तिला अलिबागला बोलावणं आलं. साडेदहाला हजर राहायचं, यादीप्रमाणे नाव पुकारणार, नाव पुकारल्यावर माणूस उभा नसेल तर जागा पुढच्याला. तिचा नंबर वरचा होता. वेळेवर पोचली की जागा तिची, इतकं ते सरळ होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी ती आमच्या गावातल्या दुकानात आली होती. बाबा तिथे बसलेले. सकाळची गाडी चालू आहे ना, असं तिने त्यांना विचारलं. बाबांना तो प्रश्न चमत्कारिक वाटला. गाडी बंद कधी होती? पाचला निघते, महाडहून सव्वासहाची अलिबाग एसटी हमखास मिळेल, असं त्यांनी सांगितलं. जेवताना त्यांनी मला दोनदा बजावलं. “किंजळीला बघून घे. पोर एकटी हाय.” मी दोन्ही वेळा हो म्हटलं, आणि दुसऱ्या वेळी जरा वैतागूनच म्हटलं.

सकाळी पाऊस होता, धुकं थोडं होतं. मागे महाडच्या बाजाराला निघालेल्या एक भाजीवाल्या आजी आणि दूधवाला. पाच वीसला मी किंजळीच्या वळणावर आलो. वेग कमी केला. माझ्या दिव्यांत अख्खी किंजळ मुळापासून उजळली, पायवाटेचं तोंड उजळलं, रस्त्याकडेचा दगडी कठडा चुन्याने सारवल्यासारखा दिसला. कोणी नव्हतं. मागून आजी म्हणाल्या, थांब की जरा, कोंडावरची पोर येणार हाय ना. मी म्हणालो, “एवढ्या उजेडात मुंगी दिसते आजी, माणूस दिसणार नाय का?” आणि गिअर टाकला. गाडी त्या वळणावर एकदाही पूर्ण उभी राहिली नाही. हे मी आज लिहितो आहे, पण तेव्हा कित्येक दिवस मी लोकांना सांगत होतो की मी थांबलो होतो.

संध्याकाळी पोलादपूरच्या स्टँडबाहेर मी परतीची माणसं भरत होतो. ती समोरून आली. सलवारचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची फाइल. मला वाटलं, हिचं जाणं रद्द झालं असावं. मी आपल्या नेहमीच्या चेष्टेच्या सुरात विचारलं, काय, झोप लागली होती का सकाळी?

ती म्हणाली, “मी किंजळीखालीच होते, दादा.”

मला आधी रागच आला. मी म्हणालो, शक्य नाही, मी बघितलं, कोणी नव्हतं. तेव्हा तिने सांगितलं. रडत नव्हती, आवाजही चढवला नाही. कोंडावरून पलीकडच्या डोंगराचं वळण दिसतं. बाबांची गाडी तिथे आली की तिचे दोन पिवळे दिवे, एक गडद आणि एक फिका, घरातून दिसतात. ते दिसले की माणसांनी निघायचं. गाडी ओढ्याला वळसा घालून येईपर्यंत माणूस पायवाटेने खाली पोचतो. सगळा कोंड वर्षानुवर्षं तसाच गाडीला येत होता. आमची गाडी म्हणजे ते दोन दिवे. गेल्या पाच दिवसांत ते दिवे दिसलेच नाहीत म्हणून कोंडावर सगळे धरून चालले होते की काकांची तब्येत बिघडली आणि फेरी बंद झाली. म्हणून तिने दुकानात विचारलं होतं. बाबांनी चालू आहे म्हटल्यावर ती दिव्यांची वाट न बघता लवकरच खाली येऊन उभी राहिली.

आणि मग वळणावरून पांढरे दिवे आले. पावसाळ्यात आमच्या रस्त्याला धबधबे बघायला लांबून गाड्या येतात. मागच्या वर्षी अशाच एका पहाटे गाडीतल्या मुलांनी कोंडावरच्या दोन बायकांना पाहून गाडी मागे घेतली होती, काही बाही बोलले होते. तेव्हापासून कोंडावरच्या बायकांनी आपसात ठरवलं होतं, अनोळखी दिवे दिसले की बॅटरी विझवायची आणि किंजळीच्या मागे व्हायचं, गाडी जाईपर्यंत. तिने तेच केलं. बॅटरी विझवली, झाडामागे गेली, फाइल छातीशी धरून बुंध्याला चिकटून उभी राहिली. मी मुंगी दिसते म्हणालो तेव्हा ती माझ्यापासून दहा पावलांवर होती.

“पाठून गाडीची जुनी ताडपत्री बघितली तवा वळखली,” ती म्हणाली. “हाका मारल्या. पुढच्या मोरीपर्यंत पळाले.”

मग ती हायवेपर्यंत चालत गेली, दुधाच्या टेम्पोने महाडला आली, पुढची एसटी धरली. अलिबागला पोचली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. तिचं नाव पुकारून झालं होतं. टेबलावरच्या बाईंनी तिला पाणी दिलं आणि यादीत तिच्या नावापुढे मारलेली रेघ दाखवली.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, अगं मग निदान पुढे येऊन हात तरी करायचा. त्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत म्हणाली, “हात कुनाला करायचा, दादा? काका थांबून हाक मारतात. तुमी थांबला असतात तर आवाज वळखला असता.”

वाटेत ती मागे बसली. मी किंजळीला गाडी थांबवली, इंजिनसुद्धा बंद केलं. त्याचा आता काय उपयोग होता? ती उतरली, भाडं द्यायला लागली, मी घेतलं नाही, तर तिने सीटवर ठेवलं आणि वर चढून गेली.

घरी मी बाबांना सांगितलं. खोटं सांगायचं मनात होतं, पण जमलं नाही. ते बराच वेळ गुडघ्यावर हात फिरवत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मलाही उलटून चार शब्द बोलता आले असते. शेवटी ते एवढंच म्हणाले, “मला दिसत नव्हतं रे, म्हनून मी थांबायचो.” मग म्हणाले, की त्यांनाही ते दिव्यांचं माहीत नव्हतं. वीस वर्षं ते स्टिअरिंगच्या मागे बसले. कोंडावरून आपली गाडी कशी दिसते हे त्यांनी कधी वर जाऊन पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कोंडावर गेलो. बाबा त्या गुडघ्यांनी ती चढण चढले. तिच्या आईने चहा केला. मी चूक झाली म्हणालो. तिची आई म्हणाली, नशिबात नव्हतं, तुमचा काय दोष. मला ते ऐकून हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते. मुलगी आतल्या खोलीत आजीचं काही करत होती. दाराला पडदा होता. मी उठून पडद्यापर्यंत जायला हवं होतं. मी चहा संपवला.

महाडच्या म्हाताऱ्याने ते पांढरे दिवे काढून दिले. त्याने का म्हणून विचारलं, मी सांगितलं, आणि तो पान्हा उचलून कामाला लागला. ‘तुला तेव्हाच सांगितलं होतं’ असं त्याने म्हणायला हरकत नव्हती. त्याची नवी वायर आणि रिले तसेच राहिले. जुन्या पद्धतीच्या गोल काचा, नवे रिफ्लेक्टर आणि पिवळे बल्ब बसवले. रस्ता पहिल्यापेक्षा खूपच चांगला दिसू लागला, अगदी त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसा. कोंडावर मी घरोघरी निरोप दिला. माणसं पुन्हा सकाळी उतरू लागली, आणि मी सहाही थांब्यांना गाडी उभी करून हाक मारू लागलो. कोंडाच्या दृष्टीने गोष्ट तिथे मिटली.

तिची मिटली नाही. पुढच्या वर्षी तिने पुन्हा फॉर्म भरला; त्या वर्षी यादी तिच्या नंबरच्या बरीच वर थांबली. खाजगी कॉलेज त्या घराच्या आवाक्यात नव्हतं. मग ती दिसेनाशी झाली. महाडला कुठे तरी कामाला लागली, असं कळलं. मी चौकशी केली नाही. खरं सांगायचं तर कळू नये अशीच माझी इच्छा होती.

मागच्या पावसाळ्यात बाबांच्या छातीत कफ साठला आणि त्यांना महाडच्या एका दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. वॉर्डात फरशी पुसायला एक बाई आली, निळा झगा, केस रुमालाखाली बांधलेले. बाबांनी तिला माझ्याआधी ओळखलं. त्यांनी तिचा हात धरला, ती पोछा बाजूला ठेवून त्यांच्याजवळ टेकली, आणि खोकला कसा आहे, थुंकी कसली येते, रात्री उशी उंच घेता ना, असं सगळं विचारत राहिली. माझ्याकडे बघून तिने नुसती मान हलवली. किती तरी वर्षं जे बोलायचं होतं ते मी जुळवत होतो. तेवढ्यात सलाइनची बाटली रिकामी झाली आणि नळीत खालून लाल रक्त चढू लागलं. मी घाबरून उठलो आणि तिला म्हणालो, अगं बंद कर ते लवकर.

तिचा हात आपोआप नळीवरच्या त्या छोट्या चाकाकडे गेला. बोटं अगदी नेमक्या जागी गेली. मग तिने ती मागे घेतली आणि झग्याला पुसली.

“येतं मला,” ती म्हणाली. “पन आमाला हात लावायचा नाय, दादा. सिस्टरला बोलवते.”

आणि ती घाईघाईने सिस्टरला बोलवायला गेली.